पाण्याची भीती आणि त्या भीतीची लाज

"नाताळच्या सुट्टीत आम्ही मालवणला जाणार आहोत. यजमानांनी आणि दोन्ही मुलांनी स्नॉर्केलिंग (मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे मासे पाहणे) करायचे ठरवले आहे. मी नाही म्हटले तर सगळ्यांचा विरस होईल, आणि हो म्हटले तर पाण्यात माझी काय अवस्था होईल या विचाराने मला आतापासूनच झोप लागत नाही." बँकेत नोकरी करणाऱ्या, 42 वर्षांच्या एका ताईंनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत ही अडचण सांगितली. सुट्टीपूर्वी असाच प्रश्न घेऊन बरेच जण येतात, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून आणि ताईंची संमती घेऊन हा अनुभव येथे मांडत आहे.

त्या नऊ वर्षांच्या असताना आजोळी मामेभावांनी त्यांच्या पाठीला भोपळा बांधून त्यांना पोहायला शिकवण्यासाठी विहिरीत उतरवले होते, आणि त्या पायरी सोडेनात म्हणून कोणीतरी मागून ढकलले होते. नाकातोंडात पाणी गेले, त्यांना लगेच वर काढले, इजा काहीच झाली नाही. परंतु हे सांगताना त्यांचा आवाज कापला तो पाण्याचा उल्लेख आल्यावर नव्हे, तर काठावर उभी असलेली भावंडे हसत होती आणि पुढे सबंध सुट्टीभर त्यांना "घाबरट" म्हणून हाक मारत होती, हे सांगताना. त्या क्षणी मला वाटले की येथे भीती एक नाही, दोन आहेत: एक पाण्याची, आणि दुसरी आपण घाबरलेले इतरांना दिसू याची. माझ्या अनुभवात दुसरी अधिक छळते, आणि घरच्यांच्या प्रेमळ आग्रहाने ती कमी न होता वाढतच जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या, भावनांमागचे हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अशा दुहेरी अस्वस्थतेकडे विशेष लक्ष दिले जाते, कारण "मी घाबरता कामाच नये" हा हट्ट मनात असेपर्यंत साधी धडधडसुद्धा पराभवासारखी वाटते. म्हणून पहिल्या दोन भेटींत आम्ही समुद्राचा विषय जवळजवळ बाजूलाच ठेवला. "मी घाबरले तर ते मला आवडणार नाही, पण तेवढ्याने मी कमी ठरत नाही" हे वाक्य त्यांनी वहीत लिहिले आणि त्यावर माझ्याशी वादही घातला. तो वाद मला आवश्यक वाटतो. पटल्याशिवाय लिहिलेले वाक्य ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

त्यानंतर शरीराच्या सवयीकडे वळलो. स्नॉर्केलिंगचा मास्क नाकावरही बसत असल्यामुळे श्वास केवळ तोंडानेच घ्यावा लागतो, आणि ज्यांना ही सवय नसते त्यांना पाण्याबाहेरही गुदमरल्यासारखे होते. शिवाय नळीत सोडलेल्या श्वासाची थोडी हवा उरते. घाबरून भराभर उथळ श्वास घेतला की तीच हवा पुन्हा आत येते आणि धाप लागते. "म्हणजे मला समुद्र गुदमरवत नाही, माझी घाई गुदमरवते," असे ताई स्वतःच म्हणाल्या. त्यांनी मास्क आणि नळी विकत आणली. पहिले काही दिवस सोफ्यावर बसून, मग मोठ्या टबातील पाण्यात चेहरा बुडवून, चार अंकांत श्वास घ्यायचा आणि सहा अंकांत सोडायचा असा सराव त्यांनी रोज दहा मिनिटे केला. दर वेळी भीतीला शून्य ते शंभर यांपैकी एक अंक द्यायचा आणि तो निम्म्यावर आल्याशिवाय पुढची पायरी घ्यायची नाही, असे ठरले होते. शेवटची पायरी म्हणजे तरणतलावाच्या उथळ भागात, लाइफ जॅकेट घालून तरंगणे. (दमा, फिट्स किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र सरावापूर्वीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)

"तिथे पाय टेकतील का?" हा प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारत. मी खरे तेच सांगितले की टेकतील असे धरून चालू नका, आणि टेकले तरी खाली प्रवाळ असल्यामुळे त्यावर उभे राहायचे नसते. आधार असतो तो अंगावरच्या जॅकेटचा, हातातल्या रिंगचा आणि शेजारी पोहणाऱ्या गाइडचा. घाबरलेल्या माणसाला खोटा दिलासा देऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण पाण्यात तो खोटा ठरला की उरलेला सगळा विश्वासही त्याच्याबरोबर जातो.

चौथ्या भेटीला मी त्यांच्या यजमानांनाही बोलावले. "अगं, काही होत नाही" हे वाक्य ते गेली पंधरा वर्षे मायेनेच म्हणत होते. त्यामुळे पत्नीला एकटे पडल्यासारखे वाटते हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. दोघांनी मिळून घरासाठी एक नियम केला: होडीत कोणी कोणाला आग्रह करायचा नाही, हात वर केला की गाइडने परत आणायचे, आणि परत आलेल्याला कारण विचारायचे नाही.

सुट्टीनंतर ताईंचा फोन आला. समोर सिंधुदुर्गाचा तट दिसत असताना होडीच्या शिडीवर त्यांची भीती सत्तरवर गेली होती. पहिल्यांदा चेहरा पाण्यात घातला तेव्हा ठसका लागून त्या दोन सेकंदांतच वर आल्या. दुसऱ्यांदा अंक मोजत राहिल्या, आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा खालून गेला तेव्हा मोजणे कधी थांबले ते त्यांना कळले नाही. जेमतेम दहा मिनिटे त्या पाण्यात होत्या. त्यांची बारा वर्षांची मुलगी, जी या सहलीसाठी सर्वांत उतावीळ होती, ती मात्र शिडीवरूनच मागे फिरली. जेटीवर परत येईपर्यंत तिला कोणीही कारण विचारले नाही.