जे. जे. केल ऐकायचा कसा?

प्रश्न: ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘कोकेन’ आणि ‘आफ्टर मिडनाइट’ कित्येक वर्षं ऐकतोय. मूळ गाणी जे. जे. केल या अमेरिकन गीतकार-गिटारवादकाची आहेत हे कळल्यावर ती मिळवून ऐकली, पण फार मवाळ वाटली. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: ‘आफ्टर मिडनाइट’पासूनच करा, मात्र तीन रेकॉर्डिंग ओळीने ऐका. केलचा १९६६ चा सिंगल, क्लॅप्टनचं १९७० चं गाणं आणि मग केलच्या ‘नॅचरली’ या पहिल्या अल्बममधलं. पहिलं चांगलंच वेगवान आहे आणि क्लॅप्टनचा वेग तिथूनच आलाय. संथ झाला तो केल, आणि तोही क्लॅप्टनचं गाणं गाजल्यावर. म्हणजे जो मवाळपणा तुम्हाला कमतरता वाटतो, तो त्याने वेगवान चाल हातात असताना जाणूनबुजून निवडला आहे.

मग ‘नॅचरली’ सलग ऐका. बारा गाणी, जेमतेम अर्ध्या तासाची. आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवू नका. केलने गळा मुद्दाम गिटारच्या पातळीवर ठेवलाय. ‘कॉल मी द ब्रीझ’मध्ये ड्रमर नाही, एस टोन कंपनीचं ‘ऱ्हिदम एस’ हे ताल देणारं यंत्र आहे. मुळात ऑर्गनच्या साथीसाठी बनवलेली ही पेटी. तिचा ठोका तसूभर हलत नाही आणि म्हणूनच गिटार कुठे किंचित रेंगाळते, कुठे आधी येते, हे स्वच्छ कळतं. पहिल्या वेळी फक्त एवढंच ऐका. त्याच्या गावच्या, ओक्लाहोमातल्या टल्साच्या संगीताचं मर्म इथेच आहे: कोणी सरळ, सारख्या अंतराच्या आठ मात्रा वाजवतंय, कोणी झुलत्या, लांब-आखूड, आणि दोन्ही एकमेकांना अडत नाहीत. ‘क्रेझी मामा’त मॅक गेडनची स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवलेली) आहे, ‘वा-वा’ असा आवाज काढणाऱ्या पेडलमधून आलेली, तीही चुकवू नका.

यानंतर ‘ओकी’ (१९७४) आणि ‘ट्रूबाडूर’ (१९७६). ‘द रोड टू एस्कॉन्डिडो’ (२००६) हा क्लॅप्टनबरोबरचा अल्बम आम्ही पहिला म्हणून सुचवणार नाही. चांगला आहे, पण त्यात वाद्यांची गर्दी होते. केलची मोकळी जागा तिथे कमी सापडते.

प्रश्न: घरच्या रेकॉर्डिंगमध्ये केलसारखा गळा आणायचाय. पण त्याच्याप्रमाणे एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवली की सगळा चिखल होतो.

उत्तर: चिखल बहुतेक वेळा व्यंजनांचा असतो. दोन टेकमधले (म्हणजे दोन वेळच्या गाण्यातले) ‘स’, ‘त’, ‘क’ एका क्षणी पडले नाहीत की प्रत्येक शब्द दोनदा तुटतो. दुसरा टेक गाताना शब्दाच्या शेवटची व्यंजनं जवळजवळ गिळा, फक्त स्वर धरा. पहिला टेक स्टिरिओत मधोमध. दुसरा साधारण ६ ते ८ डेसिबल खाली आणि थोडा बाजूला. माइकपासून वीतभर अंतर ठेवून बोलण्याच्या आवाजात गा. आणखी जवळ गेलात तर खर्ज फुगतो, तो १०० हर्ट्झच्या खाली कापावा लागतो. जोरात गाऊन मिक्समध्ये आवाज कमी करायचा, हा उपाय मात्र चालणार नाही. ताणलेला गळा कितीही खाली नेला तरी ताणलेलाच ऐकू येतो.

गिटारला नेक पिकअप (मानेजवळचा), टोन अर्ध्यावर, अँप स्वच्छ. उजव्या तळहाताची कड ब्रिजवर (खालच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे) टेकवून तारा किंचित दाबा. तळहात पुढे सरकला की सूरच मरतो, मागे गेला की तारा गुंजत राहतात. सरावासाठी ‘कोकेन’चे E आणि D हे दोनच कॉर्ड पुरेत. मेट्रोनोम लावा आणि ठोक्याच्या जराशा मागे राहा. दर चार बारनंतर (तालाच्या आवर्तनांनंतर) तपासा: अंतर वाढत चाललं असेल तर ते रेंगाळणं नव्हे, लय सुटणं आहे. नवख्यांचं इथेच बिनसतं.

प्रश्न: गाणी केलची, नाव दुसऱ्यांचं. हा अन्यायच नाही का?

उत्तर: कौतुकाच्या बाबतीत, हो. गायक-गिटारवादक नील यंगने त्याला गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पंक्तीला बसवलं, तरी सर्वसाधारण श्रोत्याला त्याचं नाव आजही सांगावं लागतं, याची आम्हाला खंत आहे. पैशाच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतं. गाणाऱ्याला साध्या रेडिओकडून काही मिळत नाही. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागेही रचनाकाराचा हक्क असतो: १९०९ पासून १९७७ अखेरपर्यंत कायद्याने ठरलेला दर गाण्यामागे २ सेंट, १९७८ मध्ये तो २.७५ सेंट झाला आणि पुढे वाढत गेला. त्यात प्रकाशकाचा वाटा असे, पण क्लॅप्टन, लिनर्ड स्किनर्ड आणि सँटाना या रॉक बँडसारख्यांचे अल्बम लाखांनी खपतात तेव्हा सेंटांची रक्कम मोठी होते. त्याच जोरावर केल हवं तेव्हाच रेकॉर्ड करू शकला.

प्रसिद्धीची संधी त्याने स्वतःही नाकारली आहे. १९७२ मध्ये ‘क्रेझी मामा’ बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २२ व्या क्रमांकावर पोहोचलं. आणखी वर जावं म्हणून ‘अमेरिकन बँडस्टँड’ या टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं आलं, पण आपला वाद्यवृंद न आणता रेकॉर्डवर नुसते ओठ हलवायचे होते. केल गेला नाही.

तेव्हा ‘बिचारा केल’ म्हणण्याऐवजी जोड्या लावून ऐका. सँटानाचं १९८१ चं ‘द सेन्सिटिव्ह काइंड’ आणि केलच्या ‘५’ (१९७९) मधलं मूळ गाणं, स्किनर्डचं १९७४ चं ‘कॉल मी द ब्रीझ’ आणि ‘नॅचरली’तलं. प्रत्येक वेळी आधी इतरांचं, नंतर त्याचं. काय काय वगळून त्याने गाणं उभं केलंय, हे त्या क्रमाने लवकर उमगतं.