अबोला सोडा, मग कोर्सचं बघू

प्रश्न : मी परतवाड्याचा. मुलगी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र घेऊन. पुढे एमएस्सी करून जंगलातल्या प्राण्यांवर संशोधन करायचं म्हणते. मी नागपुरातल्या एका क्लासचा सहा महिन्यांचा एआय आणि मशीन लर्निंगचा कोर्स बघून ठेवला आहे. फी १ लाख ८० हजार, नोकरीची हमी, शिवाय मुलीच्या नावावर दोन रिसर्च पेपर छापून देतात. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेलसुद्धा कॉम्प्युटरवाल्यांना मिळालं. यापुढे संशोधन मशीनच करणार, मग प्राणिशास्त्र शिकून काय उपयोग? ती ऐकत नाही म्हणून तीन आठवडे मी तिच्याशी बोलणं बंद केलं आहे. तिला पटेल असं काहीतरी लिहा.
– एक पालक

उत्तर : तिला पटेल असं मी काही लिहिणार नाही, कारण तिचं म्हणणंच मला माहीत नाही. क्लासची फी तुम्ही आकड्यात कळवलीत आणि मुलीला काय करायचंय ते अर्ध्या ओळीत उरकलंत. जंगलातले प्राणी म्हणजे कोणते? अस्वल, बेडूक, रातकिडे? ती कधी कुणाबरोबर जंगलात गेली आहे का? तिच्या कॉलेजातले सर किंवा मॅडम काय म्हणतात? यातलं एकही तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. आणि आता तर विचारायची सोयच ठेवली नाहीत. एका घरात राहून ‘तिला विचार, भाकरी वाढू का’ असं आईमार्फत चाललं असेल. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना वीस वर्षांच्या मुलीला ही शिक्षा कशाबद्दल? तिने चोरी केलेली नाही, शिकायचं म्हणते आहे. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत मार्क कमी पडल्याची तक्रार असली तर त्यावर काही तरी उपाय सुचवता येतो. वडिलांनी बोलणं टाकलेल्या मुलीला कुठला कोर्स सुचवणार? ती हो म्हणाली, तरी ते अबोला संपावा म्हणूनच म्हणेल. सहा महिन्यांनी क्लास अर्धवट सुटला की दोष पुन्हा तिच्याच माथी.

तर आज रात्री जेवताना तुम्ही आधी बोला. विषय करिअरचा नको.

आता ते दोन पेपर. ‘नावावर छापून देतात’ हे तुम्ही फायद्यात मोजलंत, ते वाचून मी हादरलो. अहो, जे काम तिने केलेलंच नाही त्याखाली तिचं नाव टाकायला तुम्ही पैसे मोजणार आहात. असे विकतचे पेपर हा जगभर पसरलेला धंदा आहे. २०२३ या एका वर्षात हिंदावी नावाच्या प्रकाशकाला ८,००० हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. मागे घेतलेला पेपर गुपचूप नाहीसा होत नाही, लेखकाच्या नावासकट शिक्का मारून तिथेच राहतो. उद्या पीएचडीच्या मुलाखतीत कुणी तिला त्या पेपरातला एखादा तक्ता समजावून सांगायला लावला, तर तिने काय करायचं?

नोबेलचा दाखला तुम्ही दिलात म्हणून तुमचा मोठा गैरसमज तिथूनच सोडवू. त्या नोबेलचा अर्धा वाटा डेव्हिड बेकर या जीवरसायनशास्त्रज्ञाला गेला. उरलेला अर्धा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना अल्फाफोल्डबद्दल, म्हणजे प्रथिनाची रचना ओळखणाऱ्या एआय प्रोग्रॅमबद्दल मिळाला, हे खरं. पण अल्फाफोल्ड शिकलं कशावर? १९७१पासून जीवशास्त्रज्ञ एकेका प्रथिनाची रचना प्रयोगशाळेत शोधून ‘प्रोटीन डेटा बँके’त जमा करत आले, त्या साठ्यावर. तो साठा नसता तर मशीन शिकणार काय, कपाळ? आणि मशीन शिकलं तरी बरोबर शिकलं का, हे विषय कळणाऱ्यालाच समजतं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कुणाला धोका जास्त, हे जुन्या नोंदींवरून शिकून सांगणारी कॉम्प्युटर मॉडेल्स तयार केली. त्यांतल्या एकाने आकड्यांवरून नियम काढला, की दमा असलेल्यांना मरणाचा धोका कमी! आकडे खोटे नव्हते. दम्याचा रुग्ण न्यूमोनिया घेऊन आला की डॉक्टर त्याला थेट आयसीयूत हलवायचे, म्हणून तो वाचायचा. मॉडेलच्या भरवशावर त्याला घरी पाठवलं असतं तर जिवावर बेतलं असतं. ही चूक कोडमध्ये कितीही शोधली तरी सापडणारी नव्हती. वॉर्डात काय चालतं हे ज्याला ठाऊक, त्याला ती एका नजरेत दिसते.

तुम्ही मेळघाटच्या पायथ्याशी राहता, म्हणून जंगलातलंच सांगतो. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी समोरून काही गेलं की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावले होते, त्यांतून जवळपास ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले. फोटोत कोणता प्राणी आहे हे सॉफ्टवेअरने वेगळं केलं, पट्ट्यांवरून वाघ जुळवले. म्हणजे तुमची मुलगी ज्या वाटेला जायचं म्हणते, तिथे मशीन आधीच पोचलं आहे. पण त्याच कॅमेऱ्यात माणसंही येतात. केंब्रिज विद्यापीठातल्या एका अभ्यासकाने उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत राहून केलेलं काम २०२४मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे शौचाला गेलेल्या एका बाईचा असा फोटो स्थानिक व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला आणि गावकऱ्यांनी चिडून कॅमेरे फोडले. सरपणाला जाणाऱ्या बाया पूर्वी मोठ्याने गात, बोलत जायच्या. आवाजाने जनावर लांब राहतं. कॅमेऱ्याच्या धाकाने त्यांनी आवाज खाली आणला, आणि त्यांचाच धोका वाढला. वाघ मोजणारं सॉफ्टवेअर हे सांगत नाही. ते कळलं कारण कुणीतरी त्या बायांजवळ बसून ऐकलं. कॅमेरा कुठे लावायचा, माणसाचा फोटो आला तर तो कुणी बघायचा आणि कधी पुसायचा, हे ठरवणारी माणसं या क्षेत्रात हवी आहेत. सहा महिन्यांच्या क्लासात हे शिकवत असतील असं मला वाटत नाही.

पैशाची तुमची काळजी मात्र खोटी नाही. वन्यजीव संशोधनात पक्क्या नोकऱ्या थोड्या, बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, आणि पहिली काही वर्षं ओढाताणीची. हे तिलाही स्पष्ट सांगा, पण समोर बसून सांगा. प्राणिशास्त्राला संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग जोडलं तर दारं वाढतात. त्यासाठी लाखांची फी लागत नाही. संख्याशास्त्रासाठी वापरतात ती ‘आर’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट आहे, स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवरचे कोर्स फुकट शिकता येतात, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला थोडी फी पडते. एमएस्सीच्या प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रक्रिया, पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस ही जीवशास्त्रातली संशोधन संस्था यांच्या प्रवेशाच्या जाहिराती वेगळ्या निघतात, त्यांच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवा.

क्लासचे पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर पावतीवरची परताव्याची अट वाचून याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. आणि पुढचं पत्र मुलीला लिहू द्या. कोणता प्राणी, गणिताची भीती वाटते का, आणि घरापासून लांब, मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी चार महिने राहायची तयारी आहे का, एवढं तिने कळवलं तरी मला पुढचं सांगता येईल.