एकच दाढ दुखते, मग चारही का काढायच्या?

प्रश्न : डॉक्टर, मी २९ वर्षांची, लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला राहते. खालची उजवी अक्कलदाढ अर्धीच वर आलीये, यावर्षी दोनदा सुजली, तोंडच उघडेना. बाकीच्या तीन गप्प आहेत. इथले सर्जन म्हणतात चारही एकदम काढून टाका. लंडनला असलेला दीर म्हणतो तिकडे न दुखणाऱ्या दाढेला हात लावत नाहीत. आई म्हणते दिवाळीला पुण्याला येतेच आहेस तर इथेच काढ, स्वस्तात होईल. काय करू?

उत्तर : दीर म्हणतात ते खरंय. ब्रिटनमध्ये नाइस या सरकारी संस्थेने २००० सालीच सांगितलंय की पुढे कधीतरी त्रास होईल म्हणून चांगली दाढ काढायची नाही. पण हिरडी पुन्हा सुजली तर काढा, हेही त्यातच आहे, म्हणजे तुमची उजवी दाढ लंडनलाही निघालीच असती! अमेरिकेत विशीच्या आसपासच चारही काढून मोकळं व्हायची पद्धत, कारण तेव्हा मुळं पूर्ण झालेली नसतात, जखमही लवकर भरते. तुमची ती वेळ तशीही गेलीये. आणि तिथल्याच पब्लिक हेल्थ असोसिएशनने २००८ मध्ये अशा सरसकट काढण्याला विरोध केलाय.

तर उजवी खालची काढा. अर्धवट दाढेवर हिरडीची झाकणासारखी घडी राहते, तिच्याखाली पोळीचा कण अडकून बसतो, ब्रश पोचत नाही, वरून वरची दाढ चावताना त्याच सुजलेल्या जागी आपटते. अँटिबायोटिकने सूज उतरते, घडी तिथेच असते. त्यामुळे वरची उजवीही सोबत काढायची का ते विचारा, खालची गेल्यावर तिला चावायला काही उरत नाही आणि वरची सहसा पटकन निघते. डाव्या दोन एक्स-रेत ठीक दिसत असतील तर राहू द्या, फक्त शेजारच्या दाढेला कीड लागत नाही ना ते बघत राहायचं. खालच्या दाढेची मुळं नसेच्या किती जवळ आहेत हे मात्र नक्की विचारा, कारण ओठ बधिर होण्याचा धोका तिथेच असतो, बहुतेकदा तो तात्पुरता असतो पण क्वचित कायमचाही राहतो.

आता पैशांचं. तिथल्या डेंटल इन्शुरन्सची वर्षाची मर्यादा बऱ्याचदा १ ते २ हजार डॉलर्स असते आणि चारही भूल देऊन काढल्या तर बिल सहज त्याच्या वर जातं. एक-दोनच काढल्या तर बहुधा भागेल. आधी लेखी एस्टिमेट मागा, आणि भूल देणारा डॉक्टर इन-नेटवर्क, म्हणजे तुमच्या इन्शुरन्स कंपनीच्या यादीतला, आहे का तेही बघा, खरी मेख तिथेच असते.

पुण्यात करायचं असेल तर पोचल्या पोचल्या करा, परतीच्या आदल्या आठवड्यात अजिबात नको. सूज दोन-तीन दिवस वाढते, जखमेतली रक्ताची गुठळी निघाली तर नेमकं त्यानंतर भयंकर ठणकतं, टाके आठवड्याने निघतात. चिवडा-चकलीचा मोह यंदा टाळा, ते कण जखमेत जाऊन बसतात. एक्स-रेची फाइल आधीच पुण्याच्या डॉक्टरांना पाठवून ठेवा.

पण मधेच पुन्हा सुजली आणि ताप आला, गिळायला त्रास झाला किंवा जबड्याखाली सूज उतरली तर दिवाळीची वाट बघू नका, त्याच दिवशी तिथल्या इमर्जन्सीत जा.