नाम प्रिक ऑंगला पाणी का सुटतं?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला गेलो होतो. तिथे ‘नाम प्रिक ऑंग’ नावाचा डुकराच्या खिम्याचा नि टोमॅटोचा घट्ट, लाल पदार्थ चिकट भाताबरोबर खाल्ला. घरी दोनदा करून पाहिला. कांदा परतला, त्यात खिमा, टोमॅटो, लाल तिखट घातलं. दोन्ही वेळा पाणी सुटलं आणि चव आपल्या खिम्यासारखीच आली. काय चुकलं?
— एक वाचक, वसई

उत्तर : चुकलं ते पहिल्याच पायरीला. कांदा परतलात तिथेच तो आपला खिमा झाला. नाम प्रिक म्हणजे मिरची कुटून केलेलं तोंडीलावणं; त्यामुळे सुरुवात खलबत्त्यापासून. आणि उत्तर थायलंडच्या बोलीत ‘ऑंग’ म्हणजे मंद आचेवर पाणी आटवत शिजवणं. म्हणजे तुमच्या पाण्याचं उत्तर नावातच आहे.

चियांग माईत आम्ही तीन वर्षं भाड्याने राहिलो. घरमालकिणीला ‘पा’ म्हणायचो, म्हणजे मोठी मावशी. मी हे तिच्या हाताखाली शिकले. सात-आठ सुक्या मिरच्या बिया काढून भिजवायच्या. इथे बेडगी उत्तम, रंग देते आणि जाळत नाही. पिळून मिठाबरोबर आधी त्याच कुटायच्या. मग गवती चहा. पात नव्हे, खालचा पांढरा जाड बुडखा, अगदी पातळ चिरून. त्याचे धागे राहिले तर दातात अडकतात. मग आठ पाकळ्या लसूण, पाच-सहा छोटे कांदे आणि शेवटी चमचाभर कापी, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. मी एकदा घाईत पाणी घालून मिक्सरवर वाटलं, तर पा-नं बोट लावून चाखलं आणि काही न बोलता खलबत्ता माझ्यापुढे सरकवला. पाणी घातलेलं वाटण तेलात परतलं जात नाही, उकळतं. फरक तिथे पडतो.

कापी नसेल तर कोरडा भाजलेला जवळा कुटून घाला. वास वेगळा येतो, पण समुद्राची खारट चव येते. खरं तर समुद्रापासून इतक्या लांबच्या डोंगराळ मुलखात ‘शान’ नावाच्या जमातीचे लोक कापीऐवजी ‘थुआ नाओ’ वापरतात : आंबवलेल्या सोयाबीनच्या, पापडासारख्या वाळवलेल्या चकत्या. निखाऱ्यावर भाजून कुटतात. मला ती चव जास्त आवडते.

आता कढई. दोन चमचे तेलात वाटण मंद आचेवर परता, कच्चा वास जाईपर्यंत. मग पाव किलो खिमा, गुठळ्या मोडत. वसईत डुकराचं मांस मिळतं. खिमा करून घेताना थोडी चरबी ठेवायला सांगा, अगदी कोरड्या मांसाचा हा पदार्थ रवाळ होतो. टोमॅटो तेवढेच, पाव किलो, पण लहान आणि आंबट. मोठे संकरित टोमॅटो नुसतं पाणी सोडतात. गावठी मिळाले तर तेच घ्या, नाहीतर चेरी टोमॅटो अर्धे करून. झाकण ठेवू नका. नारळाचं दूध नाही, गरम मसाला तर मुळीच नाही. लागली तर चिमूटभर साखर.

पा टोमॅटो कढईच्या कडेला दाबून फोडायची, सालं तशीच ठेवायची. मग उलथन्याने तळाशी रेघ ओढायची. रेघ लगेच भरून आली की अजून आटवायचं. रेघ तशीच राहिली आणि कडेला लाल तेल दिसलं की गॅस बंद. मला पहिल्यांदा इथवर यायला जवळजवळ अर्धा तास लागला होता.

वरून कोथिंबीर, कांद्याची पात. कोमट खायचं. बरोबर काकडी, कोबीच्या फोडी, उकडलेल्या चवळीच्या शेंगा, आणि तळलेली कुरकुरीत डुकराची कातडी मिळाली तर फारच छान. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून वाफवायचा, पाण्यात शिजवायचा नाही. त्याचा छोटा गोळा बोटांनी दाबून चपटा करा आणि त्यानेच ऑंग उचला.