आजीचा तन्मणी आणि मोत्यांच्या कुड्या मोडून नव्या फॅशनचं काही करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या आईचा तन्मणी आणि कुड्या तुमच्याकडे आल्यात, मुलीला ते जुनाट वाटतं, आणि सोनार म्हणतोय की मोडीत घाला, वर थोडे पैसे टाकून लॅबग्रोन हिऱ्यांचं हलकं, रोज घालता येईल असं काहीतरी करून देतो. कृपा करून इतक्यात मोडू नका. मी हे करून बसले आहे म्हणून कळकळीने सांगते.

बारा वर्षांपूर्वी मी आजीच्या कुड्या दिल्या. सोनं गाळलं, घट वजा झाली, त्या पैशांत एक बारीक साखळी आली. चौदा मोती मात्र कागदाच्या पुडीत बांधून परत मिळाले, "याला काही भाव नाही" म्हणून. पुढे मावसबहिणीच्या आग्रहाने ते तपासून घेतले, तर अकरा नैसर्गिक निघाले. मग पुन्हा कुड्या करायला गेले, पण तयार कोंदणं सगळी एका मापाची, आणि माझे मोती एकही दुसऱ्यासारखा नाही. जुन्या कारागिराने प्रत्येक मोत्यासाठी वेगळी जागा केली होती. ते मी वितळवून आले होते.

बसरा मोती म्हणतात ते नैसर्गिक मोती इराणच्या आखातातले. पाणबुडे ते काढत आणि मुंबईच्या बाजारात ते विकले जात. 1920 च्या दशकात जपानचे कल्चर्ड मोती, म्हणजे शिंपल्यात मणी घालून माणसाने वाढवलेले, जगभर पसरले, 1932 मध्ये बहारीनला तेल सापडलं, आणि आखातातला तो धंदा बसला. म्हणून तुमचा दागिना त्याआधीचा असेल तर आशा धरायला जागा आहे. नैसर्गिक मोत्याची किंमत नुसत्या वजनाने नाही, वजनाच्या वर्गाने, म्हणजे वजन गुणिले वजन अशी चढते. जुने जवाहिरे त्यासाठी 'चव' नावाचं माप काढतात. दुप्पट वजनाचा मोती दुप्पट नव्हे, त्याहून कितीतरी महाग.

घरी एवढं करा. दहा पट मोठं दिसणारं भिंग घ्या आणि मोत्याच्या भोकात उजेड पाडून बघा. बाहेरचा पातळ थर संपून आत वेगळाच मणी सुरू झालेला दिसला, मध्ये गडद रेघ असली, तर बहुधा कल्चर्ड. कांद्यासारखे थर आतपर्यंत गेलेले दिसले तर तो थेट लॅबमध्ये न्या, खात्री एक्स-रेनेच होते. दातावर घासून करकर लागली म्हणजे बसरा, असं लोक सांगतात, पण करकर कल्चर्ड मोत्यालाही लागते. त्यातून कळतं ते इतकंच की काच नाही.

लाल खड्यांबद्दल उलट सावध राहा. जुना म्हणून तो खाणीतला माणिक असेलच असं नाही. व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कारखान्यात माणिक बनवायची पद्धत 1902 मध्ये जाहीर केली आणि ते खडे लवकरच दागिन्यांत बसू लागले. भिंगातून आत गोलसर वळणाच्या रेषा दिसल्या तर तो कारखान्यातला. कुंदनात बसवलेल्या खड्याखाली चकाकीसाठी डांक, म्हणजे पातळ पत्रा, असतो. पाणी आत गेलं की तो काळवंडतो. म्हणून साबणाच्या पाण्यात बुडवू नका, आणि दुकानातल्या मशीनमध्ये धुवायला तर मुळीच देऊ नका.

हॉलमार्क नाही म्हणून कुणी घाबरवलं तर ऐकू नका. जून 2021 पासूनची सक्ती दुकानदाराच्या विक्रीला आहे, आणि कुंदन, पोलकी, जडाऊ त्यातूनही वगळलेत. वजन करताना मात्र विचारा, आत भरलेली लाख आणि खडे धरून की निव्वळ सोन्याचं?

आता मुलीचा प्रश्न. तिला सर नको असतील तर ते उतरवून जपून ठेवा आणि तन्मणीचं खोड, म्हणजे मधलं पदक, तेवढं बारीक साखळीत घाला. साध्या कॉटनच्या शर्टावर ते इतकं छान दिसतं! कुड्यांची फिरकी बोचत असेल तर ती तेवढी बदलता येते, मोत्यांना हात लावावा लागत नाही. सर परत हवे झाले की पटवेकऱ्याकडून रेशमात ओवून घ्या, खर्च फार येत नाही. लग्नाकार्यात बाजारातले नकली तन्मणी भाड्याने आणणाऱ्या मुली आहेत, तुमच्या मुलीच्या डब्यात खरा पडलाय.

काहीही ठरवण्याआधी दागिन्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मोती मोजून आकडा लिहून ठेवा, आणि तपासणीला देताना पावतीवर तोच आकडा लिहून घ्या.