ब्राउझरची 'स्किन': त्वचा, कात की साज?

गुहागरला संगणकाचे वर्ग घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: "मुलांसाठी मराठीतून टिपण लिहिते आहे. ब्राउझरची 'स्किन' बदलणे याला कोशात बघून 'त्वचा बदलणे' लिहिलं, पण वाचताना खटकतं. दुसरा शब्द सुचवाल का?"

ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. ब्राउझरची स्किन म्हणजे त्याच्या खिडकीचे रंग, बटणं, मागचं चित्र, असा सगळा वरचा देखावा. इंग्रजीत 'स्किन' हा एकच शब्द जिथे जिथे चालतो, तिथे मराठी दर वेळी निराळा शब्द काढते: माणसाची कातडी, ढोलावरचं चामडं, फळाची साल, दुधावरची साय, सापाची कात. यांतलं काहीच ब्राउझरला बसत नाही, कारण ही सगळी अंगाचीच असतात. आपल्याकडचा रातांबाच घ्या. त्याची साल म्हणजे नुसतं वरचं आवरण नव्हे, तीच वाळवून आमसुलं होतात. मालच तो! ब्राउझरच्या स्किनचं तसं नाही. ती काढून ठेवली तरी पानं उघडतात, जपून ठेवलेल्या पानांच्या खुणा (बुकमार्क) जागेवर राहतात.

नाम सुचत नसेल तेव्हा मी आधी क्रियापद शोधतो. स्किनचं आपण काय करतो? वरून घालतो, कंटाळा आला की काढतो, दुसरी घालतो. त्वचा कोणी घालत नाही. मराठीत 'चढवणं' आणि 'उतरवणं' ही जोडी ज्याच्याबरोबर सहज येते तो शब्द म्हणजे साज. मूळ फारसी; आपल्याकडे घोड्याच्या खोगीर-लगामापासून देवाच्या दागिन्यांपर्यंत सगळीकडे रुळलेला. भाद्रपदात तेरड्याची गौर घरात येते, तिला मुखवटा लावतात, साडी नेसवतात, साज चढवतात. पाठवणीच्या वेळी दागिने उतरवून पुन्हा डब्यात जातात आणि तेरडा पाण्यात. स्किनचं नातं नेमकं एवढंच आहे.

आता साज चढल्यावर जे दिसतं त्याला काय म्हणायचं? त्याला 'रूप' म्हणा. शिमग्यात तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामदेवतेच्या पालखीला 'रूपं लागतात', म्हणजे देवाचे मुखवटे पालखीत बसवतात. ज्यावरून ओळख पटते ते रूप. म्हणून टिपणात असं लिहिता येईल: "ब्राउझरचं रूप बदलायचं असेल तर नवा साज चढवा." दोन शब्द, दोन कामं. 'गडद रूप' बरोबर वाटतं, 'गडद साज' तितकं नाही, हेही त्यामुळेच.

हा भेद मी ओढूनताणून केलेला नाही, तो यंत्रातच होता. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या जुन्या रचनेत खिडकीच्या चौकटीचे तीन भाग वेगळे ठेवलेले असत: बटणं आणि मेनू कोणते ते 'कंटेंट', त्यांच्यावरचे शब्द ते 'लोकेल', आणि ते सगळं दिसावं कसं ती 'स्किन'. शब्द मराठी करून रूप तेच ठेवता येई, किंवा उलट. त्या अख्ख्या चौकटीला 'क्रोम' म्हणत, गूगलचा त्या नावाचा ब्राउझर २००८ साली येण्याच्या कितीतरी आधीपासून. २००० सालच्या नेटस्केप ६ या ब्राउझरमध्ये 'मॉडर्न' आणि 'क्लासिक' असे दोन साज तयारच मिळत. ऑपेरा ब्राउझरवाले 'स्किन' म्हणत, मोझिलावाले वापरणाऱ्यांशी बोलताना 'थीम'. पुढे २०१० च्या फायरफॉक्स ३.६ मध्ये 'पर्सोना' आल्या, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीमागे फक्त एक चित्र. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ पासून बटणांचा आकारसुद्धा बदलणारे जुने भरगच्च साज चालेनासे झाले. आता उरलेत ते मुख्यतः रंग आणि मागचं चित्र. मला त्या जुन्या साजांची अजून आठवण येते.

एक मात्र करा: मुलांना पडद्यावर 'थीम' असंच दिसणार असेल, तर टिपणात पहिल्यांदा 'थीम (साज)' असं लिहा. शब्द कितीही चांगला असला तरी मेनूत सापडला नाही तर मूल अडून बसेल.

'कात टाकणं' मात्र वाया घालवू नका. साप आतून वाढतो म्हणून कात टाकतो. ब्राउझरची नवी आवृत्ती येते, पानं उघडून दाखवणारं आतलं इंजिन बदलतं, तेव्हा "फायरफॉक्सनं कात टाकली" म्हणावं. नुसते रंग बदलले तर नाही. (खैराचा कात वेगळा, पण कोकणात मुलं आधी तोच आठवतील, म्हणून उदाहरणात सापाचं नाव घ्या.)

'सोंग'ही कोणी सुचवेल. तो शब्द दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवा. कुठलंही संकेतस्थळ उघडताना ब्राउझर आपली ओळख सांगतो, आणि क्रोम असो की सफारी, त्या ओळीची सुरुवात 'मोझिला/५.०' अशीच होते. जुनी संकेतस्थळं हे नाव ऐकल्याशिवाय चांगलं पान देत नसत, म्हणून एकेकानं ते घेतलं, आणि ते आजतागायत टिकलं. साज आपल्या डोळ्यांसाठी असतो. हे सोंग समोरच्या संगणकासाठी आणलेलं असतं.