गच्चीवर कृत्रिम गवताच्या दोन पट्ट्या जोडल्या, पण सांधा लांबूनही दिसतो. कोणता गोंद वापरावा?

गोंदाचे सांगतोच; परंतु पट्ट्या कोणत्या दिशेने अंथरल्या आहेत, याचा आपल्या प्रश्नात उल्लेखच नाही आणि सांधा उघडा पडण्याचे कारण बहुधा तेथेच दडलेले असते. लातूर भागात मी हेच काम करतो, त्यामुळे दोष गोंदाचा की दिशेचा, हा वाद माझ्या पाचवीला पुजलेला आहे.

परभणीकडे बॉक्स क्रिकेटच्या एका मैदानाचा ठेका दुसऱ्याच एका गृहस्थांकडे होता आणि माझ्याकडे केवळ सांधे जोडण्याचे काम होते. मैदानाची एक बाजू तिरकी असल्याने कापून उरलेला तिरकस तुकडा उलटा फिरवला की समोरच्या कोपऱ्यात नेमका बसत होता, आणि नवा रोल वाचवण्यासाठी त्यांनी तो तसाच बसवायला लावला. या गवताची पाती कारखान्यातूनच एका अंगाला कललेली येतात; त्यामुळे उलटा हात फिरवलेली मखमल जशी वेगळी दिसते, तसा दिशा बदलून बसवलेला तुकडा वेगळ्याच हिरव्या रंगाचा दिसतो. मी हरकत घेतली, तेव्हा ते म्हणाले, "गोंद बरोबर लावा, काही दिसत नसतंय. वाळू टाकली की सगळं एक होतंय." सांधा मी चोख जोडला, तरीही संध्याकाळी दिवे लागताच तो कोपरा ठिगळासारखा उठून दिसला, आणि मालकांनी जाब विचारला तो मला, कारण सांधा माझ्या हातचा होता. गवताची दिशा चुकली असेल तर जगातला कोणताही गोंद ते झाकू शकत नाही, हे मी तेव्हाही सांगत होतो.

म्हणून आधी सर्व पाती एकाच दिशेला, शक्यतो गच्चीच्या दाराकडे कललेली आहेत ना, ते पाहावे. रोल उलगडून काही तास मोकळा पडू द्यावा, पाती ज्या टाक्यांनी पाठीच्या कापडात शिवलेली असतात, त्या टाक्यांच्या कडेच्या एक-दोन ओळी पाठीकडून कटरच्या नव्या पात्याने कापून टाकाव्यात, आणि दोन पट्ट्यांमध्ये टाक्यांच्या दोन ओळींत असते तेवढेच अंतर ठेवावे; कडा एकमेकींना भिडल्या तर उंचवटा येतो, लांब राहिल्या तर रेघ दिसते.

गोंद दोन घटक मिसळून लावायचा पॉलीयुरेथेनचा घ्यावा आणि सांध्याखाली जोडपट्टी (दोन्ही कडा जिच्यावर चिकटतात ती कापडी पट्टी) अंथरून तिच्यावर पसरावा; लाकडाचा पांढरा गोंद पावसाळ्यात सुटतो. आपल्याकडच्या वैशाखात हा गोंद भराभर धरतो, म्हणून काम सकाळीच उरकावे आणि पाती गोंदात अडकू देऊ नयेत. फिरवलेला तुकडा आढळला, तर ठेकेदाराच्या खर्चाने बदलून घ्यावा. वाळूची सबब ऐकूच नये.

अर्थात गच्ची 4 मीटरपेक्षा अरुंद असेल आणि तेवढ्या रुंदीचा रोल मिळत असेल, तर सांध्याची गरजच उरत नाही. फक्त तो जिन्यातून वर चढेल का, हे आधी मोजून घ्यावे.